पॉइंट नसलेला पर्वत

एका जंगलात एक बकरा राहत होता. मुलांनो, जंगल म्हटल्यावर लगेच आपल्या कोयनेकडे बघू नका. हे जंगल पार अमेरिकेतलं, कोलोरॅडो नावाच्या राज्यातलं. तिथे डोंगरच डोंगर आहेत. बरंचसं राज्य सपाटही आहे, पण ते पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

बकऱ्याचं नाव हॅरल्ड. अंग पांढरं, दाढी पांढरी, स्वभाव मास्तरांचा. परदेशातून कुणी आलं की त्याला राज्याची ओळख करून द्यायची, हे त्याचं काम. त्याबद्दल राजा त्याला मिठाचा एक मोठा खडा चाटायला देई. डोंगरबकऱ्याला मीठ म्हणजे जीव की प्राण. तुम्हाला चिंच असते ना, तसं. फक्त चिंच मिळाली नाही म्हणून तुमची दाढी गळत नाही.

राजा होता एल्क. एल्क म्हणजे आपलं सांबरच, पण शिंगांवर अख्ख्या वाडीचं धुणं वाळेल एवढं मोठं.

एके दिवशी राजा म्हणाला, "हॅरल्ड, सह्याद्रीतून पाहुणे येताहेत. ते खूश होऊन गेले पाहिजेत. नाही गेले, तर मिठाचा खडा रॅकूनला. तो कधीचा मागतोय."

रॅकून, म्हणजे डोळ्यांभोवती चोरासारखा काळा पट्टा असलेला तिथला एक प्राणी, शेजारीच हात धुऊन बसला होता. तो हसला.

हॅरल्ड मात्र निर्धास्त होता. त्याचं आपल्या डोंगरांवर खरंखुरं प्रेम होतं. कोणत्या कड्यावर पहिलं ऊन पडतं, कोणत्या उंचीवर झाडं दमून थांबतात, सगळं त्याला पाठ. असले डोंगर बघून कोण नाराज होईल, असं त्याला वाटे. बिचारा!

पाहुणे आले. पुढे त्र्यंबकराव साळिंदर. ते दरवर्षी सहल काढत आणि दरवर्षी 'ही शेवटची' म्हणत. त्यांच्या मागे वत्सलामावशी घोरपड, दोन शालींत गुंडाळलेल्या. आणि सगळ्यांत मागे सशांची दोन कुटुंबं. त्यांचा सारा वेळ एकमेकांना मोजण्यात जाई. (ते एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलले, असं विचारू नका. गोष्टीत सगळ्यांना सगळ्यांची भाषा येते. तेवढंच गोष्टीत सुख आहे.)

हॅरल्डनं घसा साफ केला. "मित्रहो, कोलोरॅडोमध्ये आपलं..."

"गरम पाणी किती वाजता?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"इथे गरम पाण्याचे झरे आहेत. केव्हाही."

"वज्रेश्वरीसारखे," त्र्यंबकराव मंडळींकडे वळून म्हणाले. मंडळींनी माना डोलावल्या.

हॅरल्डनं त्यांना एका रानात नेलं. पांढऱ्या खोडांची उंच उंच झाडं, पानं वाऱ्यावर सळसळताहेत. "यांना अ‍ॅस्पेन म्हणतात. तुम्हाला शेकडो झाडं दिसतात ना? पण जमिनीखाली सगळ्यांचं मूळ एकच आहे!"

"एकत्र कुटुंब," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडेही असायचं. सुना आल्या नि मोडलं."

मग तो त्यांना खूप उंच, एका खिंडीत घेऊन गेला. हा त्याचा हुकमी एक्का होता. "पाहा! या बाजूला पडलेला थेंब एका महासागराकडे जातो. त्या बाजूला पडलेला दुसऱ्याच महासागराकडे!"

"असं आमच्याकडेही आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "इकडचा थेंब अरबी समुद्रात, तिकडचा बंगालच्या उपसागरात. आमच्या घराच्या पन्हळीला तसंच आहे."

हॅरल्डला दुःख याचं होतं की ते खरं होतं.

"ते असू दे," त्र्यंबकराव म्हणाले. "पॉइंट किती आहेत?"

"कसले पॉइंट?"

मंडळींत कुजबुज झाली. एका सशाचं मोजणं चुकलं.

"अहो, पॉइंट! कठडा असतो. कठड्यापाशी जायचं, खाली बघायचं, 'वा!' म्हणायचं, फोटो काढायचा, कणीस खायचं आणि पुढच्या पॉइंटला जायचं. महाबळेश्वर म्हणू नका, माथेरान म्हणू नका, सगळीकडे हेच. पॉइंट नसेल तर डोंगर बघायचा कुठून?"

"कुठूनही," हॅरल्ड म्हणाला.

"कुठूनही बघायचा होता तर आम्ही घरूनच बघितला असता!"

झालं. संध्याकाळच्या आत तक्रार राजाकडे पोचली. 'बकरा नुसते डोंगर दाखवतो.' राजानं हॅरल्डला बोलावलं आणि मिठाच्या खड्याकडे शिंग दाखवलं. "उद्या त्यांचा शेवटचा दिवस," एवढंच म्हणाला.

हॅरल्डला रडू कोसळलं. मिठासाठी तर होतंच, पण डोंगरांसाठी जास्त. एवढे उभे आहेत बिचारे, नि कुणी बघत नाही!

तो वाटेनं रडत निघाला, तर एका खडकावर वत्सलामावशी पसरल्या होत्या. थंडीनं त्या काठीसारख्या ताठ झाल्या होत्या आणि शेवटच्या उन्हात शेकत पडल्या होत्या. समोर सूर्य कलला. बर्फाची शिखरं आधी केशरी झाली, मग गुलाबी.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

हॅरल्डला वाटलं, धन्य झालो. "आवडलं, मावशी?"

"फार रे, फार! काय नाव म्हणायचं या पॉइंटचं?"

"नाव नाही."

मावशींचा चेहरा पडला. "असं नको रे करूस. घरी गेल्यावर जावा विचारतील ना, काय काय पाहिलंस? 'खडकावर पडले होते' असं सांगू का त्यांना? तेवढं तर मी भोरलाही पडते."

मुलांनो, त्या क्षणी हॅरल्डच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रकाश फार मोठा नव्हता, पण मिठापुरता होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो उठला. ओढ्याकाठचा एक आडवा ओंडका त्यानं ढकलत आणला आणि दोन दगडांवर ठेवला. झाला कठडा. वर पाटी लावली, 'राजाचा पॉइंट'. रॅकूनला त्यानं कणसं भाजायला बसवलं. रॅकून बसला, कारण कणसं होती.

आणि मग काय झालं? पाहुणे पॉइंट बघायला निघाले तोच धुकं आलं. असं दाट, की हॅरल्डला स्वतःची दाढी दिसेना. पर्वत गेले. खिंड गेली. कठड्यापलीकडे पांढरी चादर, बाकी काही नाही. हॅरल्डनं मनातल्या मनात मिठाला शेवटचा नमस्कार केला.

"अहाहा!" त्र्यंबकराव ओरडले. "धुकं! काही म्हणता काही दिसत नाही! अगदी महाबळेश्वर!"

मंडळी कठड्याकडे धावली. सगळ्यांनी खाली पाहिलं. सगळ्यांनी 'वा!' म्हटलं. मग पर्वत असायला हवे होते तिकडे पाठ करून सगळे ओळीत उभे राहिले आणि रॅकूननं फोटो काढला. मावशी तर कणसाचा तुराच शालीत खोचून उभ्या होत्या.

"पुढचा पॉइंट?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

हॅरल्ड क्षणभरच घुटमळला. मग त्यानं मंडळींना धुक्यातून एक वळसा घालून पुन्हा त्याच ओंडक्यापाशी आणलं. पाटी तेवढी रॅकूननं बदलली होती, 'घोड्याच्या नाकाचा पॉइंट'.

"हा जास्त छान आहे," एक ससा म्हणाला.

"मघाचा खोल होता," दुसरा म्हणाला. त्यावरून दोन्ही कुटुंबांत अबोला झाला.

दिवसभर हॅरल्डनं त्यांना त्याच ओंडक्याभोवती फिरवलं. तोफेचा पॉइंट झाला, पऱ्यांचा पॉइंट झाला, सूर्यास्त पॉइंटही झाला. सूर्यास्त पॉइंटला सूर्य नव्हता, पण टाळ्या पडल्या.

निघताना त्र्यंबकरावांनी राजाचे दोन्ही खूर हातांत घेतले. "महाराज, तुमचं राज्य ते राज्य! आणि हा बकरा म्हणजे रत्न आहे! पहिल्या दिवशी उगाच डोंगर दाखवत बसला, पण नंतर सुधारला."

हॅरल्डला मिठाचा खडा मिळाला. पुढच्या वर्षी दोन मिळाले. सह्याद्रीतून झुंडीच्या झुंडी येऊ लागल्या, सगळ्या राज्यात कठडे उभे राहिले. रॅकूनच्या कणसांना रांगा लागल्या.

एका सकाळी सुट्टी होती. हॅरल्ड एकटाच चढत चढत आपल्या जन्मकड्यावर गेला. बऱ्याच वर्षांत गेला नव्हता. आभाळ निवळलेलं होतं. समोर सगळे डोंगर उभे होते, तसेच, त्याच्या लहानपणी होते तसे. सूर्य वर आला आणि पहिलं ऊन त्याच्या दाढीवर पडलं.

हॅरल्डनं डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. नीट दिसेचना.

मग तो खाली गेला, आणि धापा टाकत एक ओंडका वर घेऊन आला.

तात्पर्य : फक्त पर्वत दाखवणाऱ्याच्या दाढीला धोका असतो, म्हणून शहाण्यानं आधी कठडा बांधावा, पर्वताचं नंतर बघता येईल. हे तात्पर्य नीट दिसत नसेल, तर वाचकांनी दोन पावलं मागे यावं आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहावं. कणसं डावीकडे मिळतील.