संमिश्र कळपाची चौकशी

सन १९४३च्या मार्गशीर्षात शेवगाव तालुक्यातल्या एका वाडीत एक म्हैस, दोन शेळ्या, एक गाढव आणि एक कोंबडी एकत्र चरत असल्याचे सरकारच्या निदर्शनास आले. त्याआधी तीन वर्षे ती तशीच चरत होती. पण निदर्शनास आली नव्हती, त्यामुळे कोणाला काही त्रास नव्हता.

जनावरे गिदोनची होती. लढाईमुळे गावोगाव जनावरांची मोजणी निघाली, तेव्हा तलाठी गोरक्षनाथ त्याच्या दारात आला. त्याच्याकडे प्रत्येक जातीच्या जनावराचा वेगळा फॉर्म होता. त्याने शेळ्या बाजूला घ्यायला सांगितल्या. शेळ्या बाजूला गेल्या, त्यांच्यामागे म्हैस गेली, म्हशीमागे गाढव, आणि गाढवाच्या पायांतून वाट काढत कोंबडी. दुपारपर्यंत तीनदा असेच झाले. शेवटी तलाठ्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, "जनावरे संगनमताने वागतात," आणि तो जेवायला घरी गेला.

आदल्या वर्षीच्या चळवळीपासून तालुक्याच्या कचेरीत संगनमत हा शब्द दिसला की कारकून खुर्चीतून उठत असे. शिवाय जमावबंदी चालू होती. पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येऊ नये, असा हुकूम होता आणि ते जण माणसेच असावीत, असे हुकमात कुठे म्हटले नव्हते. आठ दिवसांत कागद आला. भिन्न जातीच्या जनावरांनी एकत्र येण्याचा हेतू काय, याची समितीमार्फत चौकशी व्हावी. तोवर ती कोंडवाड्यात जातवार अलग ठेवावीत.

कोंडवाड्याचा राखणदार छगन भला माणूस होता. त्याने बाभळीच्या काट्या लावून एका कोंडवाड्याचे चार केले. ओरडून ओरडून शेळ्यांचा आवाज बसला. म्हशीने पहिल्या दिवशी पान्हा चोरला, दुसऱ्या दिवशी कडबा सोडला आणि तिसऱ्या दिवशी पाणीही नको म्हणून भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली. गिदोन तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. मागल्या पावसाळ्यात त्याची बायको दीना अशीच भिंतीकडे तोंड करून निजली होती. पुढे काय होते, ते त्याला ठाऊक होते.

"छगन, लई तर दोन दिस काढंल ही," तो म्हणाला.

"मी काय करू दादा? कागुद हाय."

पाचव्या दिवशी समिती आली. अध्यक्ष महसूल खात्याचे सर्कल इन्स्पेक्टर राधाकृष्ण, सभासद ढोरांचे डॉक्टर रंगनाथ आणि पोलीस पाटील आप्पासाहेब, चिटणीस तलाठी. चावडीवर चौकशी सुरू झाली.

डॉक्टरांनी सांगितले की, यात नवल काही नाही. म्हैस उंच गवत खाते, शेळी झुडपाचा पाला, गाढव राहिलेले वाळके. त्यामुळे चाऱ्यावरून तंटा होत नाही. कोंबडी म्हशीच्या अंगावरचे गोचीड टिपते. लांडगा आला तर गाढवाचे कान आधी उठतात आणि सगळ्यांचा जीव वाचतो.

"म्हणजे परस्परांच्या फायद्यासाठी संघटना," सर्कलसाहेब म्हणाले. "लिहा, गोरक्षनाथ."

मग त्यांनी पुढारी कोण ते विचारले. गिदोन म्हणाला, पुढारी कोणी नाही. पुढारी नसलेली संघटना हुडकायला फार कठीण जाते, असे सर्कलसाहेबांनी खेदाने नमूद करून घेतले.

"मग ही एकत्र आली कशी?"

"आमची दीना एकाच दगडी डोनीत समद्यांना पानी पाजायची, रावसाहेब. गाढव तर वाट चुकून आलं हुतं, त्येलाबी पाजलं. तवापासनं हायती."

"भिन्न जाती, आणि एका डोणीत पाणी?"

"व्हय."

"आणि बाटलं नाही काही?"

जनावरे कशी बाटतात, ते गिदोनला कळले नाही. त्याने मान हलवली. एका डोणीचे हे कारण कोणत्याच रकान्यात बसत नसल्याने समिती जेवायला उठली.

जेवण पाटलांकडे होते. सर्कलसाहेबांनी सोवळे नेसून मागच्या पडवीत स्वतःच्या शिपायाकडून वेगळी चूल मांडवली. डॉक्टर पाटलांच्या चुलीवरचे खात नसत, म्हणून त्यांची चूल गोठ्यात. तलाठ्याला डॉक्टरांची पंगत चालत नव्हती. त्याची चूल अंगणात. पाटील आपल्या ओसरीवर. गिदोनला कुंपणापलीकडच्या लिंबाखाली बसवून हातावर भाकरी टाकली आणि ओंजळीत वरून पाणी ओतले. अशा रीतीने समितीचे भोजन एकत्र पार पडले.

चार चुलींचे सरपण वाहून छगनचे खांदे भरून आले होते. समोरच्या कोंडवाड्यात जनावरांना पाणी पाजायचे होते आणि डोण एकच होती. रोज तो काट्या हलवून एकेकाला सोडी. आज त्याने सगळ्या काट्या एकदम ओढल्या. शेळ्या धावल्या, गाढव आले, कोंबडी डोणीच्या काठावर चढली. म्हशीने भिंतीकडचे तोंड वळवले, हळूहळू आली आणि चौघांच्या मधे मान घालून डोण अर्धी केली.

गिदोनचा घास हातातच राहिला.

समितीला दिवस मावळायच्या आत परतायचे होते. कोंबडी जनावरांत मोडत नाही, असे डॉक्टरांनी शपथेवर सांगितले. त्यामुळे जमाव चारचा ठरला आणि गुन्हा उरला नाही. यापुढे कोंबडीसकट चार जातींना चार डोणी ठेवीन, अशा हमीवर जनावरे सोडण्याचे ठरले. गिदोनने सही केली. म्हैस हवी होती. चार काय, चाळीस डोणींवर त्याने सही केली असती. घरी डोण एकच होती, तीही दीनाची.

टाक खाली ठेवून तो म्हणाला, "रावसाहेब, माजी जनावरं एकत्र का ऱ्हात्यात, त्याचा कागुद झाला. तुमी समदे येगळं का बसला, त्याला कोंचा फारम हाय?"

सर्कलसाहेब नियमाने चालणारे गृहस्थ होते. त्यांनी दप्तर सोडून शोधले. असा फॉर्म नव्हता. त्यांनी तसे वर कळवले. तो छापून आल्यावर घरोघर वाटायचा, असे ठरले.

अजून आलेला नाही. तुमच्याकडे येईल तेव्हा अडायला नको, म्हणून मोलकरणीसाठी खिडकीत ठेवलेला तो वेगळा पेला कोणत्या रकान्यात घालायचा, ते आत्ताच ठरवून ठेवा.