राण्याचे ओट्स

आमच्या शेजारचा जयवंत राणे ओट्स शिजवतो ते ओरडून. सकाळी दार सताड उघडं, टोपात दूध, आणि ह्याचा आवाज अख्ख्या मजल्यावर, "दूध चढलं! ओट्स पडले! आता केळं जातंय!" चारकोपच्या आमच्या बिल्डिंगीत कोणाला गजर लावायची गरज नाय.

मी शाळा फार बघितली नाय, पण खाणं कशाला म्हणतात ते मला कळतं. त्याला तोंडावर सांगितलं, "राण्या, हे आजाऱ्याचं जेवण. माणूस भाकरी खातो."

"अरे खाऊन तर बघ मरे! उभ्या उभ्या नाष्टा, बसायचं कामच नाय."

पहिल्या दिवशी ह्याने ओट्स तांदळासारखे धुतले. चांगले चोळून. गाळणीत राहिला चिकट गोळा, बाकी माल मोरीत. वर मलाच विचारतो, "तुझ्या घरात न धुता टाकतात काय?" आता हात बसलाय. थोडं दूध, थोडं पाणी, ओट्स टाकून ढवळत राहायचं. गॅस बंद केला की केळं, डाळिंबाचे दाणे, खजूर, अन् वर गावचे काजू. काजू सुरीने कापला तर त्याचा अपमान होतो म्हणे. अंगठ्यानेच फोडायचा.

हे सगळं कशासाठी, तर मुलुंडच्या लेकीला दाखवायला. वहिनी गेल्यापासून सुलू मागे लागलेली, घर बंद करा, माझ्याकडे चला. आणि राण्याला चारकोप सोडायचं नव्हतं. "मी करून खातो की! बघायला ये," म्हणायचा. शेवटी एका रविवारी ती आली. राण्याने मला साक्षीला बसवलं. त्या दिवशी असा ओरडला की खालचा वॉचमन वर आला.

सुलूने वाटी पुसून खाल्ली. "झकास झालंय, बाबा. दुपारी काय करता?"

"ओट्स."

"आणि रात्री?"

राण्याने टोपाकडेच बोट दाखवलं.

"दिवसभर हेच? अहो, भात येतो ना तुम्हाला!"

"येतो गं. पण भाताला वेळ लागतो." तो टोपाकडे बघत म्हणाला, "तेवढा वेळ आत एकटं उभं राहवत नाय. तुझी आई असायची ना, भांडत. आता मीच बोलतो अन् मीच ऐकतो."

सुलूने डोळे पुसले. "म्हणूनच सांगते, चला."

राण्याने मान खाली घातली. आता हा हो म्हणणार, मला स्पष्ट दिसलं.

मी आयुष्यात कोणाच्या घरी मागून जेवलो नाय. घरी सून गरम वाढते. पण त्याच्या शेगडीजवळ स्टूल ओढलं आणि बसलो.

"राण्या, पेज टाक. उकड्या तांदळाची."

"आता? येड लागलंय काय तुला? केवढा वेळ जाईल!"

"जाऊ दे. मला कुठे कामावर जायचंय? उद्यापण येणार, परवापण येणार. अन् मीठ कमी पडलं तर तोंडावर सांगणार, वहिनीसारखं."

"तिच्यासारखं भांडायला जमणार नाय तुला."

"टाकून तर बघ."

राण्याने तांदळाच्या डब्यातून दोन मुठी काढल्या अन् सुलूकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने खांद्याची पर्स काढून खुंटीला लावली.

"काका, तुम्ही रोज येणार?"

"बोललो ना."

"मग बाबा, माझेपण मूठभर टाका," ती म्हणाली.

राण्याने डब्यात परत हात घातला.