जयंतीबाईंचा पंप

विश्वनाथराव बर्व्यांच्या डायनिंग टेबलावर तीन पंप मांडून ठेवले होते आणि ते स्वतः सिंकपाशी उभ्यानंच जेवत होते. तसंही एका माणसासाठी टेबल कशाला पुसायचं, असं फेब्रुवारीपासून चाललं होतं. फेब्रुवारीत त्यांच्या पत्नी, जयंतीबाई, गेल्या.

पंपांची अट अवनीची. लेक ओटावात, बाप हॅलिफॅक्सला. तिनं फोनवर निक्षून सांगितलं होतं, "बाबा, आय ॲम सीरियस. हँड्स-फ्री पंप बसवल्याशिवाय एकट्यानं कयाक काढायची नाही. दोन्ही हात वल्ह्यावर असणार, मग आत आलेलं पाणी कोण उपसणार? नसेल जमत तर वी विल सेल इट."

कयाक म्हणजे त्यांची लांबट, अरुंद वल्ह्यांची होडी, दोन माणसांची होती. पुढे जयंतीबाई, मागे विश्वनाथराव. दर जुलैच्या पहिल्या रविवारी दोघं खाडीपलीकडच्या छोट्या बेटावर जायचे, थर्मासमधला चहा प्यायचे आणि परत यायचे. पाणी आत आलं की जयंतीबाई हातपंप चालवायच्या. यंदा एकट्यानं का होईना, चहा तिथंच प्यायचा, एवढंच विश्वनाथरावांचं मागणं उरलं होतं.

आता ज्या माणसानं उभी हयात पंपांची डिझाइनं करण्यात घालवली, तो दुकानात जाऊन सरळ एक पंप उचलून आणेल? छे. त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. पहिला पायानं चालवायचा. त्याला गुडघ्यांनी नकार दिला. दुसरा बटणाचा, पण बटण दाबायची आठवण हवी, आणि हल्ली ते शेगडीवरचं दूधसुद्धा विसरत. तिसरा ऑटोमॅटिक, पाणी लागलं की आपणहून सुरू होणारा. न सांगता कामाला लागणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

तुलनेला काहीतरी माप हवं. ते माप ठरलं जयंतीबाईंचा हातपंप. नऊ वर्षांपूर्वी तो बिघडला तेव्हा विश्वनाथरावांनी स्वतः खोलून दुरुस्त केला होता.

चाचणीला शेजारचे रफाएल आले. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, वीस वर्षांचे स्नेही, पण पाण्यापासून चार हात लांब.

"गॅरेजात बसेन," त्यांनी बजावलं, "समुद्रात नाही. आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणात लागले. एका खानदानाला तेवढं पुरे झालं."

कयाक दोन लाकडी घोड्यांवर चढवली, नळीनं आत पाणी भरलं. ऑटोमॅटिक पंप मागं बसवून ठेवला होता, पण त्याची पाळी जेवणानंतर, म्हणून पाइप नुसता लोंबत होता. रफाएल हातपंप घेऊन पुढच्या सीटवर बसले. विश्वनाथरावांनी घड्याळ धरलं.

"हं, खेचा."

रफाएलनी खेचला. पंप गुडगुडला, पण थेंबभर पाणी बाहेर येईल तर शपथ.

"जोर लावा की."

"जोरच लावतोय. खांदा निखळायला आला."

"जयंती पन्नास झटक्यांत कोरडं करायची. पंचेचाळीस किलोची बाई. मी मागून विचारायचो, 'काय, पंप कसा चाललाय?' तर म्हणायची, 'अहो, तुमचा पंप म्हणजे पंप आहे.'"

रफाएलना हे लागलं. त्यांनी असा काही हिसका दिला की घोडे हलले, आतलं पाणी मागं धावलं आणि ऑटोमॅटिक पंप कुणालाही न विचारता सुरू झाला. लोंबता पाइप उसळला. त्यानं आधी फ्रीझर भिजवला, मग तक्त्याचा प्रिंटआउट, मग भिंतीवरचा प्लग. लाइट गेले. गॅरेजचं दारही विजेचंच, तेही उघडेना.

"बंद करा तो!" रफाएल अंधारातून ओरडले.

"बंद कसा करणार? ऑटोमॅटिक आहे."

"वीज गेली ना?"

"बॅटरीवर आहे. तोच तर त्याचा प्लस पॉइंट."

रफाएलनी उतरायला एक पाय बाहेर टाकला. घोडा निसटला आणि कयाक, पाणी आणि रफाएल, तिघंही एकदम खाली आले. त्या गोंधळात पुढच्या सीटखालून काहीतरी खणखणत घरंगळलं.

विश्वनाथरावांनी फोनचा टॉर्च लावला. तांब्याचा गडू होता, गळ्याला दोरी बांधलेला. त्यांच्या आईचा गडू. नऊ वर्षांपूर्वी हरवलेला.

त्यांनी गडू उचलून जवळ ठेवला. मग हातपंप उचलून त्यांनी खोलला.

"व्हॉल्व्ह उलटा दिसतोय," वाकून बघत रफाएल म्हणाले. "कुणी बसवला?"

"मी."

मागच्या सीटवरून त्यांना नऊ वर्षं फक्त बायकोची पाठ दिसली होती आणि खालीवर होणारं कोपर; हातात काय आहे ते नव्हे.

"वहिनी बोलल्या नाहीत कधी?"

"नाही. उलट गडू हरवला म्हणून महिनाभर माझी बोलणी खाल्ली. माझ्या आईच्या वस्तूंची तुला किंमत नाही, असंसुद्धा म्हणालो मी तिला." त्यांनी गडूच्या दोरीची गाठ चाचपली. "'मिळेल हो, जातोय कुठे,' एवढंच म्हणाली."

तेवढ्यात हातातला फोन वाजला. अवनी होती.

"सो, बाबा? कुठला हँड्स-फ्री ठरवला?"

"होता एक," विश्वनाथराव म्हणाले. "घरातच होता. आता मिळत नाही."

"व्हॉट डू यू मीन?"

रफाएलनी फोन काढून घेतला. "अवनी, रफाएल अंकल बोलतोय. पंपाचं कॅन्सल. पुढच्या सीटवर मी बसतोय." फोन ठेवल्यावर ते स्वतःच जरा घाबरले.

रविवारी रफाएल एकावर एक दोन लाइफ जॅकेटं चढवून, डोळे मिटून, काहीतरी पुटपुटत कयाकमध्ये बसले. हातपंप नेहमीच्या जागी होता, गडू सीटखाली. विश्वनाथरावांनी त्याचा व्हॉल्व्ह सरळ केला नव्हता.

खाडीच्या मध्यावर लाट आली आणि पाणी आत शिरलं. पुढचं कोपर खालीवर होऊ लागलं. नऊ वर्षांची सवय. विश्वनाथराव बोलून गेले, "काय, पंप कसा चाललाय?" आणि त्यांनी जीभ चावली.

रफाएलनी मागं पाहिलं नाही. गडूभर पाणी बाहेर ओतलं.

"विश्वनाथराव, तुमचा पंप म्हणजे पंप आहे."

समोरचं बेट धूसर होत दिसेनासं झालं. विश्वनाथरावांना डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात वल्ह्यावर होते.