टायरची कंबर मोजणारा गोविंदण्णा

टायरच्या दुकानात शिरून, गळ्यातली शिवणकामाची टेप काढून, भिंतीला टेकवलेल्या टायरची कंबर मोजणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. सव्वा वर्षभर दर गुरुवारी पाहिला आहे आणि त्या टेपचं दुसरं टोक बहुतेक वेळा माझ्याच हातात होतं.

गोविंदण्णा माझा थोरला चुलत भाऊ. वय एकाहत्तर. आमची घराणी कैक पिढ्यांपूर्वी म्हैसुरात येऊन वसली आणि तेव्हापासून शिवतच राहिली. मी तेवढा कचेरीत चिकटलो आणि रीतसर निवृत्त झालो, इथंच माझं चुकलं. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, असं सगळ्या भाऊबंदांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. गोविंदण्णा मात्र अजून कोट शिवतो. लग्न त्याचं झालं नाही. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि गुरुवारी दुकान बंद. त्या गुरुवारचं काय करायचं हा प्रश्न त्यानं आयुष्यभर माझ्यावर सोपवलेला आहे.

त्याला माणूस दिसत नाही, माप दिसतं. आमच्या विठ्ठलमंदिरात भजनाला बसला तरी मूर्तीकडे बघत माझ्या कानाशी पुटपुटतो की कमरेवर हात ठेवून उभा असलेल्याची बाही बेतणं फार कठीण, गोत्ता, कळलं का? मी टाळ वाजवत राहतो. त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "ट्रायल नाही तर डिलिवरी नाही." ऐन लग्नाच्या सकाळी नवरदेव दुकानात येऊन उभा राहिला, तरी गोविंदण्णानं त्याला आधी कच्चे टाके घातलेला कोट चढवला होता. वरात थांबली होती. बँडवाले माझ्याकडे बघत होते, जणू कोट मीच शिवत होतो.

अशा माणसानं सत्तरीत जुनी एसयूव्ही घेतली, तीही स्प्रिंगा बदलून तीन इंच वर उचलून, ते हौस म्हणून नव्हे. कारण होतं अंबक्का.

अंबक्का त्याची सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा याला अंबक्कानंच वाढवलं. मग ती सरगूरच्या पलीकडे आठ मैलांवरच्या एका वाडीत लग्न होऊन गेली आणि तिथलीच झाली. मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी भावजी गेले. दिवसकार्याला गोविंदण्णा तिला म्हणाला, चल आता म्हैसूरला, माझ्याकडे राहा. ती म्हणाली, गाईगुरांची सोय लावते, मग ये न्यायला.

सहा महिन्यांनी तो भाड्याची कार करून न्यायला गेला. तो शेवटचा आठ मैलांचा रस्ता म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि मधे धोंडे. तिसऱ्या मैलावर गाडीचं पोट दगडावर आपटलं, तेल सगळं रस्त्यावर सांडलं. ट्रॅक्टरला बांधून गाडी सरगूरला आणली. अंबक्का तिकडं ट्रंक भरून ओट्यावर बसून राहिली, संध्याकाळी आत गेली. ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं, आणि त्या ठरवण्यात माझे सव्वा वर्षाचे गुरुवार गेले.

गाडी उचलली ती येलवालच्या अलीकडे, हुणसूर रस्त्यावरच्या एका मेकॅनिकनं. काम चांगलं झालं. पण गाडी वर गेली आणि जुनी चाकं तिच्याखाली अगदीच किडमिडी दिसायला लागली. गोविंदण्णा चारी बाजूंनी फिरून आला आणि म्हणाला, "कोट सहा फुटी माणसाचा झाला, विजार पोराची राहिली." टायर मोठे पाहिजेत, हे मेकॅनिकनंही सांगितलं. किती मोठे, एवढंच ठरवायचं होतं.

टायरवर आकडे लिहिलेले असतात. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत, आणि आतल्या लोखंडी रिमचं माप इंचात. हे समजल्यावर गोविंदण्णा दुकानातल्या स्टुलावर खालीच बसला. छाती मीटरमध्ये, बाही टक्क्यांत आणि गळा इंचात घेऊन कुणी कोट शिवतं का, असं त्यानं दुकानदाराला विचारलं. दुकानदार म्हणाला, जगभर असंच आहे. जगभर चुकतंय, असं म्हणून यानं टेप काढली. त्या दिवसापासून आमच्यापुरते टायर इंचात आले, एक तीस इंची आणि एक एकतीस इंची. मधल्या एका इंचावर सव्वा वर्ष गेलं.

आम्ही म्हैसुरातली टायरची सात दुकानं पाहिली. एकतीस घेतला तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासेल, असं पहिल्यानं सांगितलं. घासणार नाही, असं दुसऱ्यानं. गाडी तेल जास्त पिईल, असं तिसऱ्यानं. चौथा म्हणाला, वेगाचा काटा खोटं दाखवेल, गाडी चाळीसवर असताना अडतीस म्हणेल. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण गोविंदण्णा चालवायला बसला की काटा कधी तिशीच्या वर जात नाही. पाचव्यानं आम्हांला लांबून बघूनच शटर अर्धं ओढलं.

मग एका गुरुवारी त्यानं कोटाच्या कॉलरमध्ये घालतात त्या बकरमच्या दोन चकत्या कापून आणल्या. एक तीसची, एक एकतीसची. त्याच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, गाडीचं चाक काढून मी ती चकती हातात धरून मडगार्डखाली गुडघ्यांवर बसायचं आणि त्यानं चारी बाजूंनी खडूच्या खुणा करायच्या. समोरचा कॉफीवाला गिऱ्हाइकांना आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, अण्णा, माझे गुडघे गेले. तो म्हणाला, "स्वल्प थांब रे सदू, ट्रायल आहे." पुढं त्यानं तलकाडच्या वाळूत नेऊन ट्रायल घ्यायचीही टूम काढली होती. तिथं मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला सरळ नाही म्हटलं.

दुकानं झाली की घरी येऊन तो अंबक्काला फोन करायचा. तासभर. आज कुठला टायर बघितला, त्याच्या खाचा किती खोल होत्या, चिखलाचा टायर डांबरावर कसा गुरगुरतो, सगळं साग्रसंगीत. मी समोर बसून पेंगायचो. शेवटी पलीकडून ती विचारायची, मग येतोस कधी? तो म्हणायचा, झालंच बघ, एका इंचाचं राहिलंय.

एका गुरुवारी माझा तोल सुटला. सातव्या दुकानातून आम्ही सातव्यांदा रिकाम्या हातानं बाहेर पडत होतो. मी भररस्त्यात म्हणालो, "अक्का अठ्ठ्याहत्तरची आहे, अण्णा. या टायरांवर बसून तू तिच्या दिवसांना जाणार आहेस."

बोललो आणि लगेच जीभ चावली. गोविंदण्णानं टेप घडी करून खिशात घातली आणि घरापर्यंत चालत गेला. गाडी मला आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, दुकान बंद ठेवून त्यानं एकतीस इंची पाच टायर घेतले, चार बसवले, पाचवा जादा मागं लावला. स्टिअरिंग वळवल्यावर पुढचं डावं चाक आतल्या प्लास्टिकला घासायला लागलं. पहिल्या दुकानदाराचं खरं होतं. गोविंदण्णा आत गेला आणि कापड कापायची मोठी कात्री घेऊन आला. त्या कात्रीनं मी लहानपणी एकदा पतंगाचा कागद कापला होता, तर त्यानं महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता. ती कात्री घेऊन तो मडगार्डखाली शिरला आणि घासणारं प्लास्टिक कापून काढलं. कात्रीची धार कायमची गेली. मला माझ्या कालच्या बोलण्याची लाज वाटली.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. त्यानं इस्त्री केलेला कोट घातला होता. मागच्या सीटवर नवी गादी आणि दोन उशा. सरगूरपर्यंत तो नुसते पुढचे खड्डे बघत होता. सरगूर मागं टाकलं, ओळखीच्या पिंपळाशी वळलो आणि त्यानं गाडी थांबवली.

समोर गुळगुळीत काळाभोर डांबरी रस्ता होता. दोन्ही कडांना पांढरे पट्टेसुद्धा ओढलेले.

तो उतरला, चपलेनं रस्ता ठोकून पाहिला आणि म्हणाला, वळण चुकलं. दुधाचे कॅन घेऊन एक स्कूटरवाला चालला होता, त्याला विचारलं. वाडीचा हाच रस्ता, गौरीच्या सणाच्या आधीच झाला, असं त्यानं सांगितलं. म्हणजे आठ-नऊ महिने झाले होते. तो पुढं असंही म्हणाला की आता सरगूरहून वाडीला दिवसातनं चार वेळा आटो जाते. गोविंदण्णा त्या नव्या टायरांकडे बघत उभा राहिला. मला हसू येत होतं आणि हसावंसं वाटत नव्हतं. इतका शीण मला उभ्या जन्मात आला नव्हता.

अंबक्का ओट्यावरच होती. मी तिला दोन वर्षांनी पाहत होतो. ती निम्मी झाली होती. पोलकं खांद्यावरून ओघळत होतं. ते गोविंदण्णानंच गौरीला पाठवलेलं, त्याच्या वहीतल्या जुन्या मापावर शिवलेलं. तो त्या खांद्याकडे बघत राहिला. मग रस्त्याचं विचारलं.

"रस्ता झाला ते फोनवर सांगितलं का नाही अक्का?"

"सांगितलं असतं तर आटो पाठवून मोकळा झाला असतास," अंबक्का म्हणाली. "आणि दर गुरुवारी तू टायरचं सांगायचास की रे. मला त्यातलं काय कळतंय? पण एक तास जात होता. बाकी सहा दिवस इथं माझ्याशी बोलतंय कोण?"

तिची ट्रंक त्यानं स्वतः उचलून गाडीत ठेवली. मग तिला गाडीपाशी आणलं आणि दार उघडलं.

गाडीत शिरायची पायरी अंबक्काच्या मांडीला लागत होती. तिनं दाराला धरून पाय उचलला, तो जेमतेम वीतभर वर आला. पुन्हा उचलला. मी स्टूल आणलं, तर ती त्यावरही चढू शकेना. आम्ही दोघं मिळून उचलतो म्हटल्यावर तिनं मान हलवली. "पोतं नाही मी," ती म्हणाली, आणि परत ओट्याकडे बघायला लागली. या वेळी ती आत जाऊन बसली तर पुन्हा बाहेर पडणार नाही, हे आम्हां दोघांनाही कळलं.

गोविंदण्णानं खिशातून टेप काढली. कोटासकट खाली धुळीत बसला आणि म्हणाला, अक्का, पाय उचल बघू पुन्हा, सावकाश. तिनं उचलला. त्यानं जमिनीपासून तळव्यापर्यंत माप घेतलं. अकरा इंच. ते त्यानं दोनदा घेतलं आणि तिचा पाय हातानंच हळूच खाली ठेवला.

"सगळ्याचं माप घेतलं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "बसणार कोण, तिचंच राहिलं."

पन्नास वर्षं गिऱ्हाइकाला समोर उभं केल्याशिवाय ज्यानं कात्री लावली नाही, तो हे बोलत होता. तेवढ्यात दहाची आटो आली. गोविंदण्णा आटोपाशी गेला आणि ड्रायव्हर बघत असताना पायरी मोजली. मग वळून बहिणीला म्हणाला, "बरोबर आहे. ये अक्का."

ती चढली. आपली आपण चढली. तो तिच्याशेजारी बसला, उशा लावल्या, आणि गाडीची किल्ली माझ्याकडे फेकली. सरगूरहून पुढं भाड्यानं छोटी कार घ्यायचं तिथल्या तिथं ठरलं. ती अजस्र गाडी, एक ट्रंक आणि गादी घेऊन मी एकट्यानं मागून यायचं. मला ती गाडी धड चालवता येत नाही, स्टिअरिंग वळवता वळवता माझे दंड भरून आले. चारी नवे टायर त्या लोण्यासारख्या रस्त्यावर गुरगुरत होते.

पण उंचावर बसल्यामुळे मला पुढच्या आटोतलं मागच्या खिडकीतून दिसत होतं. गोविंदण्णा ताठ बसणारा माणूस. वाकून बसलेलं गिऱ्हाईक दिसलं तरी त्याच्या पाठीवर तो पट्टी मारतो. तो त्या आटोत एका बाजूला पार कलून बसला होता. अंबक्काला झोप लागली होती. तिचं डोकं नीट टेकावं म्हणून त्यानं आपला खांदा खाली केला होता, आणि सरगूर येईपर्यंत त्यानं तो वर घेतला नाही.