गुणाबाईच्या हाताचा फोटो

"बांगड्या काढल्याबिगर फोटो निघत नाई," असं चांद्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या मन्सूरने सांगितलं, तेव्हाच वच्छलाला कळलं की परतीची मोटर चुकली. तिच्या सासूला, मूल गावच्या गुणाबाईला, काही काढायला सांगणं म्हणजे देवळाला जरा सरक म्हणणं.

धानाच्या उंच रचलेल्या पुंजण्यावरून पडून गुणाबाईला चार दिवस झाले होते. डावं मनगट भोपळ्यासारखं फुगलं होतं, आणि त्या सुजेत नऊ बांगड्या रुतल्या होत्या; उजव्या हातातल्या पडतानाच फुटल्या होत्या.

"काऊन रे बाबू, मास भेदून जाणारी तुही किरणं दोन पैशाच्या काचेले भेते?"

"भेत नाई, माय. मासातून सरकन पार होते. हाडात अडते, तिथी फिलमवर पांढरं राह्यते. काचातबी अडते. मंग हाड मोडलं, का काच आडवी आली, मले कसं समजन?"

"तुले समजत नाई त माह्या हाताचा काय कसूर? काढ तसाच!"

मन्सूरने काढला. डॉक्टरांनी ओली फिल्म उजेडात धरली. नऊ पांढऱ्या पट्ट्या ऐन मनगटावर बसल्या होत्या. हात आडवा करून दुसरा काढला. पट्ट्या हलल्या, पण जागा सोडायला तयार नव्हत्या. मालकिणीच्याच वळणाच्या त्या.

"बोटं निळी पडताहेत," डॉक्टर म्हणाले. "काच आज निघाली नाही, तर हात जाईल."

मन्सूर घाबरला आणि घाईने बोलला, "चला माय, फोडून टाकू."

बाहेरच्या बाकावरच्या बायका तटकन उभ्या राहिल्या. खोकल्यासाठी आलेली सुगंधाबाई खोकला विसरून आत घुसली. "फोडू म्हन्ते? जीभ झडो तुही! वाढवू म्हण! बाईचा मालक जिता हाय!"

"चुकलो," मन्सूरने कान धरले. "वाढवू."

वच्छलाने खाली पाहिलं. तिचे सासरे सहा वर्षांपूर्वी आलापल्लीच्या जंगलात सागवान ओढायला बैल घेऊन गेले. दोन महिन्यांनी बैल तेवढे घरी आले. गावात कोणी काही बोलायला गेलं, की गुणाबाई म्हणे, "बैलांले घराची ओढ असते. माणसाले कामं असते." मग कोणी बोलेना.

पण सुगंधाबाई परक्या गावची. तिला हुरूप आला. सवाष्णीचा हात क्षणभरही उघडा राहता कामा नये, म्हणून तिने बाजारातून लटारू कासाराला बोलावून घेतलं. त्याने वरांड्यात गाठोडं सोडलं, तशा ताप असलेल्या दोघी आणि पाय मोडलेली एक अशा तिघी हात पुढे करून बसल्या.

डॉक्टर ओरडले, "हा दवाखाना आहे की जत्रा?"

"साहेब," लटारू नम्रपणे म्हणाला, "बाईसाहेबांचं माप ठाऊक हाय का?"

शेवटी ओलं फडकं गुंडाळून लटारूने पक्कडीने एकेक बांगडी वाढवली. बायकांनी तोंडं फिरवली. गुणाबाई मात्र शेवटची निघेपर्यंत पाहत राहिली.

तिसरी फिल्म लख्ख आली. हाड तिरकं तडकलेलं होतं, बसण्याजोगं होतं. डॉक्टरसुद्धा हसले. मन्सूरने नाव लिहायला फिल्मचं पाकीट घेतलं. "मालकाचं नाव सांगा, माय."

आता नवऱ्याचं नाव बायको कशी घेणार, आणि सासऱ्याचं सून कशी? वच्छला चाचरली.

"मुखरू," गुणाबाई म्हणाली. "आन् आधी कैलासवासी लिही."

तिच्या उजव्या हातात हिरवी बांगडी चढवणारा लटारू तसाच थांबला.

"आत्याबाई!" वच्छला दचकली.

"काय आत्याबाई? बैल एकटे आले, मले कळलं नसन?" गुणाबाईने हात मागे घेतला. "हातात काच होती तवर कोणीतरी विचारे, मालक कधी येते म्हणून. दारात उभं राहून सांगाले बरं वाटे. आता कोण विचारते?"

मन्सूर लिहीत होता, पण शाई वाळली असावी. टाक नुसताच कागदावर फिरत होता.

सुगंधाबाईने डोळ्याला पदर लावला, पुन्हा खोकली, आणि गुणाबाईजवळ आली.

"कसे होते वो बाई, मालक?"

गुणाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग बाकावर सरकून जागा केली.

"बस," ती म्हणाली. "लय घोरत."