कमरेतला गुन्हेगार

"सत्य पाताळात लपलं तरी हा बिभीषण त्याला कॉलर धरून वर आणतो," असं डिटेक्टिव्ह बिभीषण स्वतःबद्दल सांगायचा. आज मात्र तो स्वतःच वाकला की वर येत नव्हता, अन् कॉलर धरायचं काम असिस्टंट गोकुळकडं होतं.

तीन वर्षांत एजन्सीनं दोन केसेस सोडवल्या होत्या. त्यातल्या एका केसमधली हरवलेली शेळी आपली आपणच घरी आली होती.

बिभीषणच्या कमरेत उसण भरली होती, अन् संध्याकाळी पाचला लासूर स्टेशन गावाला पोरगी बघायला जायचं होतं. तिथं घरभर म्हाताऱ्यांच्या पाया पडायचं. वाकता आलं नाय तर तिसरा नकार. पहिला नकार धंदा ऐकून आला होता, दुसरा व्हिजिटिंग कार्ड बघून.

आई, बानाबाई, सकाळपासून एकच सांगत होती: पायाळू माणसाची लाथ घे, उसण जाईल. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. पण लाथ खाणं बिभीषणला धंद्याच्या इज्जतीला धरून वाटेना. त्यानं सिडकोतल्या मसाज सेंटरचं रेटकार्ड मागवलं अन् संशयितांच्या यादीसारखं भिंगातून वाचलं.

"थाई. म्हंजे मांडी. आपलं दुखणं कमरंत. हा सुटला."

गोकुळनं थायलंड नावाचा देश असतो, असं हळूच सुचवून बघितलं.

"स्वीडिश. स्वीट डिश, म्हंजे गोडंतेल. शर्टाला डाग पडंल." डीप टिश्यू त्यानं कागदी काम म्हणून सोडून दिलं. "राहिलं केरळी. खोबरेल तर मी रोज डोक्याला लावतो. काही फरक पडला का?"

"नाय," गोकुळ अगदी मनापासून म्हणाला.

सगळे संशयित सुटेपर्यंत चार वाजत आले. वाटीएवढं भिंग नेहमीप्रमाणं मागच्या खिशात कोंबून बिभीषण गोकुळसोबत जीपमध्ये बसला.

लासूरला पोरीचे वडील, धोंडिबा, यांच्या पाया पडायला तो वाकला अन् तिथंच अडकला. धोंडिबा आशीर्वाद देऊन देऊन थकले. गोकुळनं कॉलर धरली, तर नुसतं बटण हातात आलं.

पोह्याची ताटली ठेवून ती पोरगी, सत्यशीला, त्याच्या मागं येऊन उभी राहिली.

"मागच्या खिशात काय हाय?"

"भिंग," बिभीषण खालूनच बोलला. "सत्य शोधायला."

"रोज त्याच्यावरच बसता?"

तीन वर्षं तो रोज त्याच्यावरच, एका बाजूला कलून बसत होता. गोकुळला कळलं, केस सुटली, अन् ती आपण सोडवली नाय.

"भिंग आजपासून पुढच्या खिशात," सत्यशीला म्हणाली. "अन् उसणीचं म्हणाल, तर मी पायाळू हाय. लाथ आत्ता घेता का लग्नानंतर?"

बिभीषणनं धोंडिबांच्या गुडघ्याकडं बघत लई आदबीनं विचारलं, "दोन्ही टायमाला मिळंल का?"