जाधवमामांची जाड अक्षरं

जाधवमामा दुकानाची पाटी वाचत नसत, तिची तब्येत बघत. म्हैसूरात जयलक्ष्मीपुरमच्या रस्त्यानं माझ्यासोबत चालता चालता एकदम थबकायचे. "अय्यो, तो कानडी 'म' बघ! पोट एवढं, आणि आधार काहीच नाही. पडेल रे तो!"

पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार. मामांना मात्र सगळ्याचीच धास्ती. गॅस बंद केला का, कडी लागली का, आणि सर्वांत जास्त अक्षरांची. कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मराठी अक्षरांचं स्वतःचं वळण आखायला घेतलं. पूर्ण गोल, सरळ रेघ, सगळं जाडजूड. नखरा नाही.

"कानडीची काळजी करायला सरकार आहे. आपल्या मराठीला या गावात कोण आहे? उद्या चंद्रावर दुकानं निघाली, तर पाट्या कशात लिहायच्या? एनु माडोदु, काय करायचं तेव्हा?"

"आधी तिथं मराठी गिऱ्हाईक तर जाऊ दे," आतून मामी म्हणायच्या. "आणि ही कसली अक्षरं? नुसत्या इडल्या!"

एका दुपारी मामा अनवाणीच माझ्या दारात आले. "मामी सकाळी हुणसूरला बहिणीकडे निघाली. पोचलीच नाही. आत्ता बहिणीचा फोन आला."

मी स्कूटर काढली. मागे बसून मामा माझा खांदा आवळत होते. "स्वल्प हळू, पडू आपण," म्हणायचे, आणि लगेच, "अरे, लवकर चल ना!"

मामी बसस्टँडवरच होत्या. बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. समोरून हुणसूरची बस सुटत होती.

"अगं, ती बघ गेली तुझी बस!"

मामींनी मान खाली घातली. "पाटी दिसत नाही मला. बरेच महिने झाले. सगळं धुरकट."

"मग विचारायचं ना कुणाला!"

"दोघांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्याला विचारायची लाज वाटली. आणि तुम्हाला आधीच सांगितलं असतं, तर काळजीनं जेवला नसता."

मामा पिशवी स्वतःकडे घेऊन तिच्या शेजारी बसून राहिले.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपायचं.

पुढच्या आठवड्यात मी गेलो, तर स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मामांची तळहाताएवढी अक्षरं चिकटवलेली. मामी डबा नाकाशी धरून वाचत होत्या. "मीठ." मग दुसरा. "सा... र... वर?"

"साखर गं ती!"

"मला 'र' वेगळा दिसतो, 'व' वेगळा."

'ख'ची ही जोडणी बदला, असं एका छापखानेवाल्यानं सुचवलं होतं, तर मामांनी त्याची गल्लीच सोडली होती. आता त्यांनी मुकाट्यानं पेन घेतलं, 'र'चा पाय ओढून 'व'ला जोडला आणि डबा पुन्हा तिच्यासमोर धरला.

"आता?"

मामींनी डब्याला खालून आपला हात लावला आणि सावकाश वाचायला लागल्या.